एक घंटी थांबा, दोन घंट्या चला : मराठी निर्माते आणि पटकथाकारांना खुलं पत्र

आदरणीय निर्माते, दिग्दर्शक आणि पटकथाकार मंडळी,

सप्रेम नमस्कार.

दोन मित्र, एक नोकरी आणि त्या नोकरीतून उठलेला गोंधळ, असा विनोदी सिनेमा मराठीत पुन्हा जोमानं यावा म्हणून हे पत्र. लिहिणारे आम्ही पटकथा, संकलन, ध्वनी आणि कलादिग्दर्शन या कामांतले लोक आहोत. या प्रकारच्या संहिता वाचताना एक दुखणं वारंवार दिसतं. पहिल्या दहा पानांत दोघांची नोकरी सांगून होते आणि मध्यंतर येईपर्यंत ती गोष्टीतून नाहीशी झालेली असते. मग कुणाची तरी बॅग कुणाकडे जाते, गोदामात मारामारी होते, आणि ते दोघं पोस्टात होते की पेट्रोल पंपावर, याचा काहीच फरक उरत नाही. तिकडे प्रेक्षक हसतोही, पण तो सिनेमा कुठल्याही दोन माणसांचा असतो.

आमची विनंती अशी, की जोडी लेखकानं बांधू नये, कामानं बांधू द्यावी. ज्या कामाला नियमानंच दोन माणसं लागतात, ते काम निवडा. मैत्री असो वा भांडण, दोघांना एकमेकांपासून सुटता येणार नाही, आणि 'हे दोघं एकत्र का आहेत' हे सांगायला एकही प्रसंग खर्ची घालावा लागणार नाही.

अशी कामं आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. बँकेच्या शाखेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात आणि दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. आदल्या संध्याकाळी दोघांचं वाजलेलं असू द्या, सकाळी दहा वाजता काउंटरसमोर पेन्शनची रांग लागलेली असू द्या. प्रसंग तयार आहे. रेल्वेच्या इंजिनात लोको पायलट आणि सहायक लोको पायलट, दोघांनीही दिसलेला सिग्नल मोठ्यानं उच्चारायचा असतो. म्हणजे अबोला धरलेल्या दोन माणसांना दर थोड्या वेळानं एकमेकांशी बोलावंच लागतं, तेही ठरलेल्या शब्दांत. अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस. मुलांची वजनं घ्यायची, खिचडी शिजवायची, रजिस्टर भरायचं आणि तेच पुन्हा मोबाइलवर पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमध्ये भरायचं. दोन बायकांच्या मैत्रीचा कामाच्या जागेवरचा विनोदी सिनेमा आपल्याकडे फार कमी झाला आहे. या खोलीत तो अक्षरशः वाट बघत बसलेला आहे.

हा प्रकार जुना आहे, आणि त्यातली उत्तम उदाहरणं काय करतात ते बारकाईनं बघण्यासारखं आहे. १९३२ साली लॉरेल आणि हार्डी या जोडीचा 'द म्युझिक बॉक्स' हा छोटा चित्रपट आला आणि त्याला ऑस्कर मिळालं. कथा काय, तर दोन हमालांनी लाकडी खोक्यातला पियानो सव्वाशेहून जास्त पायऱ्या चढवून वरच्या घरी पोचवायचा. बाकी काही नाही. खोकं निसटतं, खाली घरंगळतं, पुन्हा चढतं. वर पोचल्यावर त्यांना कळतं की मागून गाडीरस्ता होता. मग ते पियानो पुन्हा खाली उतरवतात, गाडीत घालतात आणि रस्त्यानं वर नेतात. हा विनोद हमालीच्याच तर्कातून येतो. काम 'रीतसर' करायचं, ही त्या दोघांची निष्ठा आहे.

१९९४ चा 'क्लर्क्स', दुकानात काम करणाऱ्या दोघा मित्रांचा अमेरिकन सिनेमा, वेगळ्या कारणासाठी बघा. दिग्दर्शक केविन स्मिथ न्यू जर्सीतल्या ज्या दुकानात नोकरी करत होता, तिथेच त्यानं तो १६ मिमी कृष्णधवल फिल्मवर सुमारे साडेसत्तावीस हजार डॉलरमध्ये केला. दुकान दिवसा चालू, म्हणून शूटिंग रात्री. पण गोष्ट दिवसाची. रात्रीचा अंधार खिडकीतून दिसू नये म्हणून शटर खाली हवं, आणि शटर खाली का, याचं कारण गोष्टीत घातलं : कुणीतरी कुलपांत च्युइंग गम कोंबून ठेवलं आहे. निर्मितीची अडचण गोष्टीतली अडचण झाली आणि त्यावर विनोदही उभा राहिला. कमी पैशांत काम करणाऱ्या प्रत्येक निर्मात्यानं ही युक्ती मनात पक्की ठेवावी.

आपल्या मुंबईतलं उदाहरण म्हणजे १९८३ चा 'जाने भी दो यारो'. विनोद आणि सुधीर हे दोन छायाचित्रकार स्टुडिओ काढतात, गिऱ्हाईक येत नाही. पुढची सगळी गोष्ट त्यांच्या धंद्यातून सरकते. काढलेला फोटो डार्करूममध्ये मोठा करत नेल्यावर त्यात खून दिसतो. ही माणसं शिंपी असती तर ती गोष्टच झाली नसती. आणि १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' आठवा. त्यात नोकरीपेक्षा घराची अडचण मोठी आहे, पण घट्टपणा तोच आहे : घरमालकिणीची अट मोडली की डोक्यावरचं छप्पर जाईल, म्हणून प्रत्येक थापेला दुसरी थाप जोडावी लागते. भाड्याच्या खोलीनं जे तिथे केलं ते कामाच्या जागेला करता येतं.

आता एक काम जवळून दाखवतो, कारण नुसतं 'संशोधन करा' म्हणून कुणाचं भलं होत नाही. एसटी घेऊ. पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) ही पहिली गाडी १ जून १९४८ रोजी सुटली. तेव्हापासून लाखो वेळा एकच जोडी घडत आली आहे : चालक आणि वाहक.

लेखकाला ही जोडी अवघड वाटते, कारण दोघं एकमेकांकडे पाठ करून काम करतात. चालकाची नजर रस्त्यावर, वाहक मागे गर्दीत. संवाद होणार कसे? होतात, घंटीनं. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. सगळं संभाषण एवढ्यावर चालतं. जुन्या गाडीत छताखालून दोरी गेलेली असते आणि घंटी चालकाच्या डोक्याजवळ वाजते. दोरी कशी ओढली यावरून ओढणाऱ्याचा मूड कळतो. सवयीचा माणूस दोन घंट्यांमध्ये जेमतेम अर्धा सेकंद ठेवतो. रागावलेला माणूस दुसरी घंटी इतकी चिकटवून मारतो की ती एकच वाटते, आणि तिथेच घोटाळा : एक म्हणजे थांबा. ज्याला 'चल रे बाबा' म्हणायचं होतं, त्यानं गाडी थांबवली. दोन पात्रांमधलं पहिल्या वीस मिनिटांचं नातं संवादाशिवाय, फक्त दोरीवर लिहिता येतं.

मात्र त्याआधी प्रेक्षकाला बरोबर काम एकदा नीट दाखवा. हे पायरी म्हणून लिहून घ्या, कारण सगळ्यात जास्त संहिता इथेच घसरतात. पहिल्या बारा मिनिटांत एक पूर्ण फेरी दाखवावी : आगारातून तिकिटाचं यंत्र आणि वेबिल (फेरीतल्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद) घेणं, गाडी फलाटाला लावणं, माणसं चढणं, डबल बेल (म्हणजे त्या दोन घंट्या), तिकिटं, थांबा, पुन्हा डबल बेल. विनोद अजिबात नको. कंटाळा येईल ही भीती सोडा. नीट केलेलं काम बघायला माणसाला आवडतं. नियम कळल्याशिवाय नियम मोडल्याचं हसू येत नाही. यानंतर प्रत्येक प्रसंगात यातली एकच पायरी मोडायची. दोन पायऱ्या एकदम मोडल्या की धांदल दिसते, कारण दिसत नाही.

उदाहरणार्थ : 'डबल बेलशिवाय गाडी हलवायची नाही' हा नियम घ्या. दोघांचं वाजलं आहे. चालक म्हणतो, घंटी दे, मग हलतो, मला तोंडानं काही सांगायचं नाही. पुढच्या थांब्यावर वाहक चहाला उतरतो. गाडीतलं शाळकरी पोर गंमत म्हणून दोरी दोनदा ओढतं. चालक नियमाला जागून गाडी काढतो. मागे वाहक हातात कप घेऊन उभा. पुढचा थांबा येतो, घंटीच वाजत नाही, चालक थांबत नाही, उतरणारे ओरडतात. आता गाडीत चाळीस माणसं, निम्म्यांकडे तिकीट नाही, आणि पुढच्या वळणावर तपासणी पथक उभं. इथे कुणीही मूर्खपणा केलेला नाही, सगळे नियमानंच वागले. म्हणून प्रेक्षक दोघांच्याही बाजूनं राहतो. वाहक मिळेल त्या दुचाकीवर, टेम्पोत बसून पाठलाग करत येतो, तो त्याच्या हिशेबातली तूट वाचवायला. तूट आली तर ती त्याला भरून द्यावी लागते. पणाला लागलेली रक्कम अशी खरी आणि छोटी असू द्या. कोटीची बॅग नको. साडेतीनशे रुपयांची तूट दाखवा आणि त्या घरात साडेतीनशे रुपयांचं काय होतं तेही दाखवा.

सवलतींमध्ये तर खाणच आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना तिकीट अर्धं आहे. मोफत प्रवास असला तरी वाहकाला शून्य रकमेचं तिकीट काढावंच लागतं; प्रवासी आणि तिकिटं यांचा मेळ त्यावर बसतो. म्हणजे एखाद्या आजोबांनी 'मला फुकट आहे, तिकीट कशाला' म्हणून ते घेतलंच नाही, तर पथकाच्या मोजणीत एक माणूस जास्त भरतो. वय सांगायला लाजणारी आजी, चौऱ्याहत्तर वर्षं अकरा महिन्यांचे गुरुजी, आधार कार्डावर छापून आलेलं चुकीचं जन्मवर्ष. यातलं एकही पात्र वेडगळ करायची गरज नाही. विनोद नियमाच्या काठावर आपोआप उभा आहे.

आणि मुक्कामी गाडी. रात्री शेवटच्या गावात पोचायचं, सकाळी पहिली फेरी घेऊन परत. दोघांना रात्र तिथेच काढायची असते, कधी गाडीतच, कधी गावानं दिलेल्या खोलीत. रोकडीची पिशवी उशाशी. दिवसभर पाठमोरी असलेली माणसं पहिल्यांदा समोरासमोर बसतात. या प्रकारच्या सिनेमात मध्यंतरानंतर एक शांत प्रसंग लागतो, जिथे मैत्री बोलली जाते. तो गच्चीवर किंवा समुद्रकिनारी नेऊ नका. कामानंच ती जागा देऊन ठेवली आहे. तिथे संवाद कमी ठेवा : मच्छर, डबा, कुणाच्या तरी घोरण्याची भीती, घरून आलेला फोन. सकाळच्या डबल बेलमध्ये रात्रीच्या बोलण्याचा निकाल ऐकू येऊ द्या.

पात्रांची वाटणी करताना दोघंही सारखेच विनोदी करू नका. एकाला काम नीट व्हावं असं मनापासून वाटलं पाहिजे. दोघंही टाळाटाळ करणारे असले तर पंचवीस मिनिटांत सिनेमा बसतो, कारण काहीच बिघडत नाही. बिघडायला कुणीतरी घडवत असावं लागतं. साहेब हा विदूषक नको, त्यालाही वरून कागद येतो. आणि स्त्री पात्र तिकीट काढणाऱ्या प्रवाशापुरतं ठेवू नका. एसटीत महिला वाहक अनेक वर्षं काम करत आहेत, जोडीतलं अर्धं काम त्यांच्याकडे द्या.

आता तांत्रिक बाजू. ती लेखकांनीही वाचावी.

जोडीचा विनोद दोघं एका चौकटीत असताना होतो. एक बोलतो तेव्हा हसू बहुतेक वेळा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर असतं. क्लोजअपवरून क्लोजअपवर उड्या मारल्या की कुठे बघायचं ते संकलक ठरवतो, आणि प्रेक्षकाचा शोधण्याचा आनंद जातो. एसटीत हे कसं साधायचं? कॅमेरा पुढच्या काचेजवळ, मागच्या दिशेनं तोंड करून. पुढे चालकाचा चेहरा, मागे गर्दीत वाहक. दोघंही स्पष्ट दिसले पाहिजेत. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर ८ आणि फोकस अडीच मीटरच्या आसपास ठेवला, तर सव्वा ते दीड मीटरपासून शेवटच्या सीटपर्यंत सगळं स्पष्ट येतं. चालकावरून वाहकावर फोकस सरकवण्याचा मोह टाळा. तो सरकला की विनोदाची वेळ चुकली. अ‍ॅपर्चर इतकं बंद ठेवायला उजेड लागतो, म्हणून हे शॉट भर दिवसा घ्या. संध्याकाळच्या सोनेरी उजेडात गाडी सुंदर दिसते, पण मागचा माणूस धूसर होतो.

चालत्या गाडीत अभिनेत्यानं स्टिअरिंग धरू नये. अवजड वाहनाचा परवाना आणि बॅज असलेला खरा चालक हवा. त्याच्या खांद्यामागून घेतलेले रस्त्याचे शॉट वेगळे, आणि अभिनेत्याचे चेहरे उभ्या गाडीत वेगळे. उभ्या गाडीत काम करताना दोन माणसं बाहेरून गाडी हलकी हलवतात, खिडकीबाहेर फांद्या फिरवतात. रात्रीच्या प्रसंगात फिरते दिवे पुरतात. दिवसाच्या प्रसंगात बाहेरचं स्थिर दृश्य पकडलं जातं, तेव्हा खिडकीत बसलेले प्रवासी, डोक्यावरची बोचकी, पावसाळ्यात ओल्या काचा यांचा आडोसा करा. गाडीसाठी महामंडळाशी आधी पत्रव्यवहार करा. लग्नाच्या वऱ्हाडाला प्रासंगिक करारावर गाडी मिळते ते वेगळं आणि चित्रीकरण वेगळं. दर, विमा, सोबत येणारे कर्मचारी हे सगळं लेखी ठरलेलं असावं.

घंटी वेगळी ध्वनिमुद्रित करा. चित्रीकरणात ती इंजिनाच्या घरघरीखाली बुडते. इंजिन बंद करून, त्याच गाडीत, त्याच दोरीनं किमान दहा प्रकार घ्या : सवयीची, आळशी, चिडलेली, अर्धवट, घाईची, माफी मागणारी. सेटवर मात्र घंटी खरीच वाजू द्या, कारण चालकाचा अभिनय कानावर चालतो. संकलनात सेकंदाला २४ फ्रेम असतात. घंटी आणि चालकाच्या पापणीची हालचाल यांत सहा फ्रेम, म्हणजे पाव सेकंद, इकडे-तिकडे झाला तरी हसू येतं किंवा जातं. म्हणून त्या जागी विनोदी 'टुंइंग' किंवा पिपाणी लावू नका. खरा आवाज आधीच विनोदाचं काम करतो आहे, दुसरा आवाज त्याच्यावर बसतो.

आगाराच्या कार्यालयात जुन्या ट्यूबलाइट असतील तर कॅमेऱ्याचं शटर १७२.८ अंशांवर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, २४ फ्रेमला हा कोन १/५० सेकंद देतो, आणि उजेड थरथरत नाही. पंखा, फ्रिज, कुलर बंद करून संवाद घ्या आणि खोलीचा रिकामा आवाज एक मिनिटभर वेगळा घेऊन ठेवा. फ्रिज बंद करणाऱ्यानं गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी, ही ध्वनिमुद्रकांची जुनी शिस्त आहे : संध्याकाळी फ्रिज चालू केल्याशिवाय कुणी घरी जात नाही, आणि जागा देणाऱ्याचं दूध नासत नाही.

कलादिग्दर्शकांनी नवी खाकी आणू नये. वाहकाच्या गणवेशावर पिशवीच्या पट्ट्यानं एका खांद्याचा रंग उडालेला असतो, खिशाच्या कडा पेनानं फाटलेल्या असतात. रोज तीच पिशवी तालमीत वापरली तर हे आपोआप येतं.

निर्मात्यांकडे आमच्या मागण्या थोड्या आहेत. लेखकाला कागदावर हात ठेवण्याआधी पंधरा दिवस त्या कामाच्या जागेवर बसण्याचे पैसे द्या. दोघा अभिनेत्यांना सात दिवस खऱ्या यंत्रासह, खऱ्या सुट्ट्या नाण्यांसह तालीम द्या. तिकीट काढताना नजर यंत्राकडे न जाता माणसाकडे राहिली की समजावं, तालीम झाली. हे पैसे एका गाण्याच्या खर्चातून निघतात आणि अशा सिनेमाला ते एक गाणं कमी पडत नाही. जे चालक, वाहक, रोखपाल, सेविका तुम्हाला काम शिकवतील त्यांना मानधन द्या आणि श्रेयनामावलीत त्यांच्या कामासकट नाव द्या.

आणि पहिलं वाचन कार्यालयात नको. आगाराच्या विश्रांतीगृहात, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, काम करणाऱ्या माणसांसमोर करा. कुठे हसले ते लिहू नका, ते सभ्यपणानंही हसतात. एखाद्या ओळीवर कुणी मान हलवून 'असं होत नाही' म्हणेल. तिथे समासात पेन्सिलीनं खूण करा, वाचन थांबवा आणि विचारा, 'मग काय होतं?' पुढचा अर्धा तास फक्त ऐका.

आपले,
पटकथा, संकलन, ध्वनी आणि कलादिग्दर्शन विभागांत काम करणारे काही सहकारी